पैसे खेळणाऱ्याचे, गेम कंपनीचा

फ्रान्समधील युबिसॉफ्ट या कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये 'द क्रू' नावाचा मोटार शर्यतीचा व्हिडिओ गेम बाजारात आणला. अमेरिकेचा छोटेखानी नकाशा पडद्यावर उभा करणारा आणि त्यावर एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत मनसोक्त गाडी पळवू देणारा हा गेम चांगलाच लोकप्रिय झाला. सुमारे एक कोटी वीस लाख जणांनी तो खेळल्याचे सांगितले जाते. नऊ वर्षांहून अधिक काळ तो चालला आणि ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले. त्या दिवसापासून हा गेम जगात कोणालाच खेळता येईना. इतरांबरोबर शर्यत लावणाऱ्यांची गोष्ट समजण्यासारखी होती. पण जो घरात एकटाच खेळत होता, त्याच्याही पडद्यावर गाडी सुरू होईना. दुकानातून डबाबंद तबकडी रोख पैसे देऊन आणणाऱ्याचीही तीच गत झाली. पुढच्याच महिन्यात अनेकांच्या ऑनलाइन खात्यांतून या गेमचा परवानाही काढून घेण्यात आला.

दुकानदाराने विकलेली सायकल दहा वर्षांनी रात्रीतून उचलून नेली, तर त्याला काय म्हणायचे हे कोणालाही सांगावे लागणार नाही. येथे मात्र कायदा काय म्हणतो, याचे सरळ उत्तर कोणाकडेच नव्हते. कारण कंपनीच्या मते तिने गेम कधी विकलाच नव्हता. तिने फक्त तो खेळण्याची परवानगी दिली होती आणि परवानगी मागे घेता येते.

एका शर्यतीच्या खेळावरून सुरू झालेला हा वाद आज अमेरिकेतील न्यायालय, ब्रिटनची संसद आणि युरोपीय आयोग यांच्या दारापर्यंत पोहोचला आहे. भारतात त्याची फारशी चर्चा नाही. येथे व्हिडिओ गेमविषयीचा वाद 'मुले बिघडतात का' आणि 'हा जुगार आहे का' या दोन प्रश्नांपाशीच घुटमळत राहिला. हे प्रश्न गैर नाहीत. परंतु त्यांच्या गलक्यात तिसरा प्रश्न मागे पडला. ज्या वस्तूसाठी ग्राहक पैसे मोजतो, ती त्याची होते की नाही?

कॅसेटपासून सर्व्हरपर्यंत

नव्वदच्या दशकात ज्यांचे बालपण गेले, त्यांना हा प्रश्नच विचित्र वाटेल. तेव्हा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घरात येई आणि त्याबरोबर रंगीत कॅसेट येत. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारायची, पुन्हा बसवायची आणि खेळ सुरू करायचा. मित्राला आठवडाभर द्यायची, त्याच्याकडची दुसरी आणायची, कंटाळा आला की धाकट्या भावंडाला देऊन टाकायची. कॅसेट अस्सल होती की नक्कल, हा मुद्दा वेगळा; पण ती ज्याच्या कपाटात, त्याच्या मालकीची, याबद्दल शंका नव्हती. ती बनवणारी कंपनी बुडाली तरी कॅसेट चालत राही.

पुढे संगणक आले आणि तबकड्यांचे दिवस आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन गेमच्या सीडी आणणे हा त्या काळातील अनेक महाविद्यालयीन तरुणांचा शनिवारचा कार्यक्रम असे. मालकीचा व्यवहार तोपर्यंत जुनाच होता. बदलाची सुरुवात २००३ मध्ये झाली. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने 'स्टीम' ही सेवा सुरू केली आणि २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' हा तिचा बहुचर्चित गेम खेळण्यासाठी या सेवेवर खाते उघडणे सक्तीचे केले. तबकडी दुकानातून आणली तरी तिला कुलूप होते आणि त्याची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर होती. त्यावेळी याला विरोध झाला. पण सोय मोठी होती. तबकडी हरवण्याची भीती नाही, संगणक बदलला तरी खात्यातून गेम पुन्हा उतरवून घेता येतो, सवलतीच्या दिवसांत निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. ग्राहकाने सोय स्वीकारली आणि किल्ली कोणाकडे आहे हे तो विसरून गेला.

भारतात हा बदल मोबाइलमुळे झाला. सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि संगणक वा कन्सोल विकत घेण्याची ऐपत नसलेल्या घरांतही गेम पोहोचला. लोकलमध्ये, बसथांब्यावर, सोसायटीच्या जिन्यात मोबाइल आडवा धरून बसलेली मुले दिसू लागली. या गेमसाठी आधी पैसे मोजावे लागत नाहीत. तो फुकट मिळतो आणि मग आत गेल्यावर पोशाख, बंदुकीचा रंग, नृत्याची एखादी लकब किंवा हंगामी पास यांसाठी पैसे मागितले जातात. ही रक्कम थोडी थोडी करून जाते, त्यामुळे ती जाणवत नाही. आईच्या यूपीआयवरून ७५ रुपये, वाढदिवसाच्या पाकिटातले ३०० रुपये, अशी ती साठत जाते. वर्षाअखेरीस हिशेब केला, तर एखाद्या चांगल्या गेमची किंमत त्यातून सहज निघते. या पैशांतून मिळालेले सारे काही कंपनीच्या सर्व्हरवर असते; खेळणाऱ्याच्या हाती काहीच नसते.

बारीक अक्षरांतला व्यवहार

गेम सुरू करण्यापूर्वी लांबलचक करार पडद्यावर येतो आणि 'मान्य आहे' या बटणाखेरीज पुढे जाण्याचा मार्ग नसतो. तो वाचणारा ग्राहक विरळाच. वाचला असता, तर त्याला आढळले असते की बहुतेक करारांत 'विक्री' हा शब्द नसून 'परवाना' हा शब्द असतो. हा परवाना मर्यादित असतो, दुसऱ्याला देता येत नाही आणि कंपनीला तो रद्द करण्याची मुभा असते. म्हणजे दुकानाच्या दर्शनी भागात 'विकत घ्या' असे बटण आणि आतल्या कागदावर 'भाड्याने दिले' असा मजकूर, असा हा व्यवहार आहे.

याच विसंगतीवर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने बोट ठेवले. तेथे सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला कायदा सांगतो की, ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल, तर तसे स्पष्टपणे सांगितल्याखेरीज 'विकत घ्या' यांसारखे शब्द वापरता येणार नाहीत. कायदा लागू होण्यापूर्वीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, 'स्टीम'ने पैसे भरण्याच्या पानावर एक ओळ झळकवली. या खरेदीतून त्या उत्पादनाचा परवाना मिळतो, असा तिचा आशय होता. वीस वर्षे जे बारीक अक्षरांत होते, ते प्रथमच मोठ्या अक्षरांत आले. या कायद्याची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. तो कंपनीला खरे बोलायला लावतो. गेम चालू ठेवायला लावत नाही.

'द क्रू'च्या दोन ग्राहकांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयात युबिसॉफ्टविरुद्ध दावा दाखल केला. गेम विकत घेतला अशी आपली समजूत करून देण्यात आली, असे त्यांचे म्हणणे होते. ग्राहकांना मर्यादित परवाना दिला होता आणि तशी कल्पनाही दिली होती, असा बचाव कंपनीने घेतला. हा बचाव केवळ वकिली युक्तिवाद मानण्याचे कारण नाही. कंपनीच्या वर्गणी सेवेच्या प्रमुखाने जानेवारी २०२४ मध्येच एका मुलाखतीत, गेम आपल्या मालकीचा नसण्याची सवय खेळणाऱ्यांना व्हावी लागेल, अशा अर्थाचे विधान केले होते. चित्रपट आणि संगीताच्या बाबतीत ग्राहकाने ही सवय लावून घेतली आहे, असा त्याचा दाखला होता.

हा दाखला अर्धाच खरा आहे. महिन्याची वर्गणी भरून चित्रपट पाहणाऱ्याला आपण भाडे भरतो हे ठाऊक असते. वर्गणी थांबली की चित्रपट थांबला, यात फसवणूक नाही. नव्या मोठ्या गेमसाठी चार-पाच हजार रुपये एकरकमी मोजणाऱ्याची समजूत तशी नसते. शिवाय वर्गणीचा मार्गही स्वस्त राहील याची हमी नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्या 'गेम पास' सेवेच्या सर्वांत वरच्या श्रेणीचे अमेरिकेतील मासिक शुल्क ऑक्टोबर २०२५ मध्ये १९.९९ डॉलरवरून २९.९९ डॉलरवर नेले. एका फटक्यात दीडपट. कपाटात स्वतःच्या तबकड्या असणाऱ्याला अशी वाढ नाकारता येते. भाडेकरूला मात्र घर सोडणे एवढाच पर्याय उरतो.

कंपन्यांची बाजू

उद्योगाचे म्हणणेही ऐकून घ्यायला हवे. ऑनलाइन गेम चालवणे हा रोजचा खर्च आहे. सर्व्हरचे भाडे, वीज, देखभाल, सुरक्षेतील त्रुटी बुजवणे, लबाडी करणाऱ्यांना रोखणे यांसाठी माणसे लागतात. लाखो जण खेळत असताना हा खर्च परवडतो. शे-दोनशेच उरले की परवडत नाही. कोणत्याही कंपनीने तोट्यातील सेवा अनंतकाळ चालवावी, असे म्हणता येणार नाही.

दुसरी अडचण परवान्यांची आहे. मोटार शर्यतीच्या गेममध्ये खऱ्या कंपन्यांच्या गाड्या असतात, पार्श्वभूमीला खरी गाणी असतात. त्यांचे हक्क ठरावीक मुदतीसाठी घेतलेले असतात. मुदत संपली की गेम विकता येत नाही. युरोपातील गेम कंपन्यांच्या संघटनेने जुलै २०२५ मध्ये आणखी एक मुद्दा मांडला. सर्व्हर चालवण्याची यंत्रणा ग्राहकांच्या हाती दिली, तर तेथील गैरप्रकारांवर आणि बेकायदा मजकुरावर कंपनीचे नियंत्रण राहणार नाही, असे तिचे म्हणणे होते. अनेक गेम मुळातच ऑनलाइन खेळण्यासाठी रचलेले असल्याने, अशी सक्ती झाल्यास ते तयार करण्याचा खर्च भरमसाट वाढेल, असाही इशारा तिने दिला.

हे आक्षेप निराधार नाहीत. तथापि, त्यांना उत्तरे नाहीत असेही नाही आणि ती उत्तरे उद्योगातूनच मिळालेली आहेत. 'फोर्झा होरायझन ४' या शर्यतीच्याच गेमची विक्री डिसेंबर २०२४ मध्ये थांबली. परंतु ज्यांनी तो आधी घेतला होता, त्यांचा गेम बंद पडला नाही. सोनी कंपनीचा 'कॉन्कॉर्ड' हा गेम २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला, साफ पडला आणि ६ सप्टेंबरला मागे घेण्यात आला. पण कंपनीने ग्राहकांचे पैसे परत केले. खुद्द युबिसॉफ्टने गदारोळानंतर 'द क्रू २' या पुढच्या भागासाठी सर्व्हरविना खेळण्याची सोय देण्याचे सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले आणि २०२५ मध्ये ती दिलीही. याहून बोलका दाखला मूळ 'द क्रू'चाच आहे. काही हौशी तंत्रज्ञांनी कंपनीच्या मदतीविना त्याच्या सर्व्हरची नक्कल उभी केली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो गेम पुन्हा चालू करून दाखवला. कायद्याच्या दृष्टीने अशा खटाटोपाची जागा नाजूक आहे. पण फावल्या वेळेत काम करणाऱ्या काही जणांना जे साधते, ते मूळ आराखडे हाताशी असलेल्या कंपनीला अशक्य होते, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

अडचण तंत्राची कमी आणि हेतूची अधिक आहे. जुना गेम चालू राहिला, तर नवा कोण घेणार, हा विचार कोणत्याही ताळेबंदात लिहिलेला नसतो. पण बाजारातील प्रत्येक नव्या गेमची स्पर्धा जुन्याशी असते, हे व्यापाराचे साधे गणित आहे.

स्वाक्षऱ्यांची मोहीम

या प्रकरणाला लोकचळवळीचे रूप देण्याचे श्रेय रॉस स्कॉट या यूट्यूबवरील अमेरिकी निवेदकाकडे जाते. 'द क्रू' बंद पडताच, एप्रिल २०२४ मध्ये, त्याने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. तिची मागणी अनेकदा चुकीच्या पद्धतीने मांडली गेली. कंपन्यांनी सर्व्हर कायम चालवावेत, असे ती म्हणत नाही. कंपनीने हवा तेव्हा गेमचा आधार काढून घ्यावा. मात्र जाताना तो कोणत्या तरी स्वरूपात चालण्याजोगा ठेवून जावे, एवढेच तिचे म्हणणे आहे. घरमालकाने घर सोडावे. जाताना विहीर बुजवू नये.

युरोपीय संघात नागरिकांना थेट युरोपीय आयोगापुढे मागणी ठेवण्याचा हक्क आहे. त्यासाठी एका वर्षात किमान दहा लाख स्वाक्षऱ्या आणि किमान सात देशांत ठरवून दिलेली संख्या गाठावी लागते. ३१ जुलै २०२४ पासून स्वाक्षऱ्या जमू लागल्या. जून २०२५ पर्यंत मोहीम निम्म्यावर अडखळली आणि ती संपल्यात जमा आहे, अशी कबुली स्कॉटनेच दिली. त्यानंतर अनेक नामवंत यूट्यूबर मदतीला धावले आणि ३ जुलै २०२५ रोजी दहा लाखांचा टप्पा ओलांडला गेला. पडताळणीनंतरही वैध स्वाक्षऱ्यांची संख्या तेरा लाखांच्या जवळपास भरली. या प्रक्रियेत आयोगाला नागरिकांची बाजू ऐकून आपली भूमिका लेखी मांडावी लागते. कायदा केलाच पाहिजे असे बंधन त्याच्यावर नसते.

ब्रिटनमध्येही अशाच निवेदनाने एक लाख स्वाक्षऱ्यांचा टप्पा गाठला आणि ३ नोव्हेंबर २०२५ रोजी तेथील संसदेत त्यावर चर्चा झाली. ग्राहक कायद्यात बदल करण्याचा विचार नाही, ही सरकारची भूमिका चर्चेनंतरही कायम राहिली. म्हणजे मोहिमेच्या पदरात कायदा पडला असे नव्हे. पण एरवी राजकारणापासून फटकून राहणाऱ्या तरुणांनी आपल्या हक्कासाठी सनदशीर मार्ग धरला आणि सरकारांना उत्तर देण्यास भाग पाडले, ही गोष्ट लहान नाही.

भारतीय ग्राहक कोठे उभा आहे?

खेळता खेळता गेम हातून जाण्याचा अनुभव भारतीय तरुणांना नवा नाही. कारण मात्र वेगळे होते. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा त्यांत 'पबजी मोबाइल' होता. त्या वर्षीच्या ३० ऑक्टोबरला त्याचे सर्व्हर भारतासाठी बंद झाले. राष्ट्रीय सुरक्षेचे कारण असल्याने त्या निर्णयाविषयी वाद घालण्याचे हे स्थळ नव्हे. पण त्या दिवशी कोट्यवधी मुलांना समजले की, आपण 'कमावलेले' आणि विकत घेतलेले सारे काही एका आदेशाने नाहीसे होऊ शकते. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बीजीएमआय' या भारतीय नावाने परतला. जुन्या खात्यातील पोशाख आणि साहित्य नव्या खात्यात आणण्याची सोय कंपनीने दिली आणि ती घेण्यासाठी झुंबड उडाली. जुलै २०२२ मध्ये हा गेमही अ‍ॅपच्या बाजारातून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर परत आला. त्या मधल्या महिन्यांत मोबाइल बदलणाऱ्यांची पंचाईत झाली. आपण मालक नव्हे, पाहुणे आहोत, हे यातून कोणी शिकले असेल तर तो धडा महागात मिळाला.

सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमसंबंधी स्वतंत्र कायदा केला. २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ऑगस्टला राज्यसभेत आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती, अशा वेगाने तो झाला. पैसे लावून खेळायच्या गेमवर त्याने बंदी आणली. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे गेम त्याने वेगळे काढले व त्यांना प्रोत्साहन देण्याचे धोरण ठेवले. या कायद्याला न्यायालयांत आव्हानेही दिली गेली. पैशांच्या खेळात उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांचा विचार करता सरकारच्या हेतूविषयी शंका घेता येणार नाही. परंतु जो जुगार खेळत नाही, सरळ पैसे देऊन गेम घेतो, त्या ग्राहकाला उद्या कंपनीने सर्व्हर बंद केल्यास काय मिळेल, याविषयी हा कायदा काही सांगत नाही. गेमकडे पाहण्याची आपली दृष्टी अजून पोलिसाची आहे. ग्राहकाची नाही, हेच त्यातून दिसते.

ग्राहकाच्या दृष्टीने पाहू गेल्यास हाताशी काहीच नाही असे मात्र नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अनुचित करार' ही संकल्पना आली. वाजवी कारणाविना एका पक्षाला एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार देणारी अट या व्याख्येत बसू शकते. गेमच्या परवान्यातील 'कंपनी केव्हाही सेवा बंद करू शकेल' ही अट या कसोटीवर टिकते का, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. सर्व्हरचा खर्च परवडत नाही हे वाजवी कारण ठरेलही; पण एकट्याने खेळायचा भागही बंद पाडणे वाजवी ठरेल का?

येथेच व्यवहारातील मेख आहे. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही. त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते. तीन हजार रुपयांच्या गेमसाठी कोणता विद्यार्थी तेथवर जाईल? त्यासाठी वकील कोण देईल? त्यातून कंपनी परदेशी असेल, तर नोटीस बजावण्यापासून तयारी. कायद्याने हक्क द्यावा आणि तो बजावण्याचा खर्च हक्काच्या किमतीहून अधिक असावा, ही आपल्याकडील जुनी कथा येथेही आहेच. यावर उपायही त्याच कायद्यात आहे. समान हित असणाऱ्या अनेक ग्राहकांच्या वतीने, आयोगाच्या परवानगीने, एकत्रित तक्रार करता येते आणि नोंदणीकृत ग्राहक संघटनांनाही ती करता येते. ग्राहक पंचायतीच्या रूपाने महाराष्ट्राने सत्तरच्या दशकात देशाला ग्राहक चळवळीची वाट दाखवली. त्या चळवळीने भेसळीचे तेल आणि वजनातील मापात पाप पकडले. आजच्या ग्राहकाचे पाप मोबाइलच्या पडद्यावर मोजले जाते, तेथेही तिने पाहावे, ही अपेक्षा गैर ठरू नये.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन व्यवहारांतील तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. खोटी घाई निर्माण करणे, वर्गणी थांबवणे अवघड करून ठेवणे अशा गोष्टी त्यात येतात. 'विकत घ्या' म्हणून परवाना देणे हाही याच जातकुळीचा प्रकार आहे. त्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. पैसे भरण्याच्या पानावर तीन ओळी सक्तीच्या केल्या, तरी पुष्कळ काम होईल. हा गेम तुमच्या मालकीचा होतो की नाही. इंटरनेटविना तो चालतो की नाही. आणि किमान किती वर्षे तो चालू ठेवण्याची हमी आहे. औषधाच्या पाकिटावर आणि बिस्किटाच्या पुड्यावर मुदतीची तारीख छापली जाते. पाच हजार रुपयांच्या गेमवर ती का नसावी?

आठवणींचे काय?

या वादाला पैशांपलीकडची एक बाजू आहे. व्हिडिओ गेम ही आता दोन-तीन पिढ्यांची सामायिक आठवण आहे. पण तिची जपणूक चित्रपटांइतकीही होत नाही आणि चित्रपटांची किती झाली हे भारतीय वाचकाला वेगळे सांगायला नको. अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी त्या देशात प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात कोठेही मिळत नाहीत. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेन्डो कंपनीने आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली आणि केवळ तेथेच मिळणारे अनेक गेम विक्रीतून कायमचे गेले.

तरीही जुन्या गेमना एक आशा होती. कोणाच्या तरी माळ्यावर कॅसेट सापडेल, कोणाच्या तरी खणात तबकडी असेल. सर्व्हरवरच्या गेमला माळा नाही. जे २०१४ चे झाले, ते २०२४ चेही होऊ शकते. 'अँथम' हा फेब्रुवारी २०१९ मध्ये गाजावाजा करून आलेला गेम जानेवारी २०२६ मध्ये असाच बंद झाला. त्याचे आयुष्य सात वर्षांचेही भरले नाही.

प्रश्न केवळ गेमचा आहे, असे मानण्याचेही कारण नाही. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकली होती. विक्रेत्याकडे हक्क नव्हते, असे कारण देऊन पैसे परत केले होते आणि पुढे माफीही मागितली होती. पुस्तके, गाणी, चित्रपट, उद्या कदाचित दूरचित्रवाणी संच आणि मोटारगाडीतील सोयीही याच वाटेने जातील. ज्या वस्तूचा आत्मा सर्व्हरवर असतो, तिचा खरा धनी सर्व्हरचा मालक असतो. गेम खेळणाऱ्या मुलांना हे इतरांआधी कळले, एवढाच फरक.

तोवर काय?

कायदा बदलेपर्यंत ग्राहकाला थोडी सावधगिरी बाळगता येईल. गेम घेण्यापूर्वी तो इंटरनेटविना चालतो का, हे पाहावे. 'जीओजी'सारख्या काही विक्रेत्यांकडून गेमची फाइल कायमची उतरवून स्वतःजवळ ठेवता येते. तसा पर्याय असेल तर तो निवडावा. आपल्या कॉपीराइट कायद्यातही संगणक प्रणालीची प्रत वैधपणे बाळगणाऱ्याला सुरक्षिततेसाठी जादा प्रत करून ठेवण्याची मुभा आहे. 'स्टीम'वर खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळला असल्यास पैसे परत मागता येतात. मोबाइलवरील गेममध्ये मुलांच्या खर्चाला पालकांनी मर्यादा घालावी आणि तो पैसा वस्तूसाठी नव्हे, करमणुकीसाठी गेला असे समजावे. फसवणूक झाल्याचे वाटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. एका तक्रारीने काही होत नाही, हे खरे. पण तक्रारच नसेल तर प्रश्नच नाही, असे सरकार मानते, हेही तितकेच खरे.

गेम कंपन्यांचा व्यवसाय सचोटीने चालावा आणि वाढावा, यात सर्वांचेच हित आहे. भारतात त्याला मोठे भवितव्य आहे, असे सरकारही सांगते. परंतु कोणताही व्यापार खरेदीदाराच्या विश्वासावर उभा असतो. दिलेल्या पैशांत काय मिळते हे आधी सांगणे आणि जे दिले ते परस्पर काढून न घेणे, हा बाजारपेठेतील सर्वांत जुना नियम आहे. कोपऱ्यावरच्या वाण्याला तो पाळावा लागतो. पडद्याआडच्या वाण्याला तो लागू नाही, असे का मानावे?